हित्ती 'नेपिस' आणि आपलं 'नभ' : उसनवारी की भावंडं?

प्रश्न असा आलाय: "हित्ती भाषेत आकाशाला 'नेपिश' म्हणायचे असं एका व्हिडिओत ऐकलं. आपल्या 'नभ'सारखंच वाटतं. मग हा शब्द आपल्याकडून तुर्कस्तानात गेला की तिकडून आपल्याकडे आला? मितानीच्या आर्य राजांमुळे गेला असेल का? आणि धुक्याला ते 'कम्मार' म्हणत, त्याचंही संस्कृतात काही आहे का?"

उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगते. मी ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवते, हित्ती (आजच्या तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी बोलली जाणारी भाषा) हा काही माझा मुख्य विषय नाही, पण गेली चौदा-पंधरा वर्षं दरवर्षी एक सत्र हित्तीचं घेते आणि दरवर्षी पहिल्या आठवड्यात कोणीतरी नेमका हाच प्रश्न विचारतं, बहुतेक वेळा हाच शब्द घेऊन. त्यामुळे चिडचिड नाही, उलट शब्द चांगला निवडलात, कारण यात शिकण्यासारखं खूप आहे.

फक्त प्रश्नातच एक गृहीतक लपलंय ते आधी बाहेर काढूया. "गेला की आला" असं विचारलं की दोनच शक्यता उरतात. खरं तर दोन भाषांमधले दोन शब्द सारखे दिसले तर कारणं तीन असू शकतात. एकीने दुसरीकडून घेतला, किंवा दोघींनाही एकाच आजीकडून वारशाने मिळाला, किंवा नुसताच योगायोग. म्हणजे खरा प्रश्न हा की या तिन्हींत फरक कसा करायचा. आणि तो नुसता कानाने होत नाही. कानाला तर मराठी 'नीट' आणि इंग्रजी 'नीट' पण सख्खे वाटतात.

आणखी एक, यात किती ठामपणे बोलता येईल हे तुम्हाला नक्की काय हवंय त्यावर आहे. "नेपिस आणि नभस् एकाच घरातले का?" याला मी बिनधास्त हो म्हणेन. "म्हणजे आर्य मूळचे कुठले?" असं पुढे विचारलंत तर मी हात जोडते, एका शब्दावरून माणसांच्या बैलगाड्यांची दिशा ठरत नाही. आणि "हित्ती म्हणजे खत्री, म्हणजे क्षत्रिय" असले जे फॉरवर्ड फिरतात ते तर कृपा करून सोडूनच द्या. 'हत्ती' हे त्या भूभागाचं नाव हित्ती लोकांच्या आधी तिथे राहणाऱ्या, वेगळीच भाषा बोलणाऱ्या लोकांचं होतं. हित्ती स्वतः आपल्या भाषेला 'नेशिली' म्हणत, म्हणजे नेशा गावची बोली.

आता मुळात पाटीवर काय लिहिलंय ते बघू, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. हित्तींची राजधानी हत्तुशा, आजच्या तुर्कस्तानात चोरुम प्रांतात, अंकाराच्या पूर्वेला, गावाचं आजचं नाव बोआझकाले. तिथे 1906 पासून उत्खनन सुरू झालं आणि आजवर मातीच्या पाट्या आणि त्यांचे तुकडे मिळून तीस हजारांच्या आसपास सापडलेत. लिपी बाबिलोनी पद्धतीची कीलाक्षरी, ती वाचता येत होती, भाषा मात्र कळत नव्हती. 1915 मध्ये बेद्रिच ह्रोझनी या चेक माणसाने ती फोडली, एका साध्या वाक्यावरून. त्यात भाकरीचं सुमेरी चिन्ह होतं, पुढे 'एझ्झात्तेनी' आणि 'वातार' आणि 'एकुत्तेनी'. भाकरी आहे म्हणजे खाणं असणार, खाणं आहे तर पुढे पिणं असणार, आणि 'वातार' म्हणजे चक्क वॉटर. "भाकरी खाल, पाणी प्याल" असा अर्थ लागला आणि ही भाषा ग्रीक, लॅटिन, संस्कृत यांच्याच घराण्यातली निघाली. आपलं 'उदक' त्या वातारचंच नातेवाईक बरं का.

तुमचा शब्द पाटीवर तीन चिन्हांत येतो, ने-पी-इस. व्हिडिओत 'नेपिश' म्हटलंय कारण पुस्तकात शेवटच्या एसवर टोपी छापतात, ती टोपी बाबिलोनी लिपी वाचण्याच्या पद्धतीतून आलीय, हित्तींचा प्रत्यक्ष उच्चार 'स'च्या जवळचा असावा असं बहुतेक सगळे मानतात. आणि मधला 'प' पण फसवा आहे. हित्ती लेखनिकांची एक सवय होती, दोन स्वरांच्या मध्ये कडक प, त, क असेल तर ते दुहेरी लिहायचे आणि ब, द, ग सारखा मऊ ध्वनी असेल तर एकेरी. ही सवय स्टर्टव्हंट या अमेरिकन अभ्यासकाच्या नावाने ओळखली जाते. नेपिसमध्ये प एकेरी आहे. म्हणजे उच्चार 'नेबिस'च्या आसपास कुठेतरी, आणि मग नभस्-मधला 'भ' एकदम जवळ येतो. हे अशा बारक्या गोष्टींवर चालतं सगळं.

माझी स्वतःची फजिती सांगते. शिकत असताना मी वहीत वाऱ्यासाठी हित्ती शब्द म्हणून 'इमांझा' असं छान अक्षरात उतरवलं होतं, आणि त्याची व्युत्पत्ती शोधत दोन दिवस घालवले. अरबी 'इमान'पर्यंत पोचले होते, हसू नका. सरांनी वही बघितली आणि विचारलं, पुस्तकात पहिली दोन रोमन अक्षरं कॅपिटलमध्ये छापलीत ती का? तर 'इम' हे सुमेरी चिन्ह आहे, वारा या अर्थाचं. हित्ती लेखनिक शॉर्टहँडसारखं ते चिन्ह टाकायचा आणि पुढे फक्त आपल्या शब्दाचं शेपूट लिहायचा, '-अंझा'. वाचताना मात्र अख्खा हित्ती शब्द वाचायचा, 'ख़ुवांझा'. आपण '५ वा' लिहितो आणि 'पाचवा' वाचतो, तसं. आणि तेच 'इम' चिन्ह देवाच्या खुणेनंतर आलं की वारा नाही, वादळाचा देव. तेव्हापासून कोणी मला हित्ती शब्द दाखवला की मी आधी विचारते, पूर्ण लिहिलेला आहे का शेपूट आहे. नेपिस सुदैवाने पूर्ण लिहिलेला भरपूर ठिकाणी मिळतो.

आता मितानीचा मुद्दा. मितानी म्हणजे हित्तींच्या शेजारचं, आजच्या उत्तर सीरियाच्या भागातलं राज्य. तुमची शंका रास्त आहे कारण मितानीच्या राजघराण्यात आणि घोडेवाल्यांत भारतीय-आर्य शब्द खरंच होते. हित्ती राजा शुप्पिलुलिउमा पहिला आणि मितानीचा शत्तिवाझा यांच्या इ.स.पू. 14व्या शतकातल्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य हे देव साक्षीला आहेत, आणि ती पाटी हत्तुशातच सापडली. किक्कुली नावाच्या मितानी माणसाने घोडे कसे तयार करायचे याचं वेळापत्रक लिहिलंय, हित्ती भाषेत, त्यात घोड्याच्या फेऱ्या मोजायला 'ऐकवर्तन्न', 'तेरवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न' असे शब्द येतात. एक, तीन, पाच, सात. अंगावर काटा येतो ना? मला अजूनही येतो. (त्यातला 'सत्त' बघून लगेच प्राकृत प्राकृत म्हणून नाचू नका, तो वेगळा वाद आहे.)

म्हणजे मितानीकडून हित्तीत शब्द गेलेत हे पक्कं. मग नेपिस तसाच गेला नसेल कशावरून?

पहिलं कारण काळाचं. हित्ती भाषेतल्या सगळ्यात जुन्या मजकुरांपैकी एक म्हणजे अनित्ताचा लेख. हा अनित्ता कुश्शाराचा राजा, काळ साधारण इ.स.पू. 18वं शतक, आपल्या हातातली प्रत थोडी नंतरची. त्यात सुरुवातीलाच "तो नभातल्या वादळदेवाचा लाडका होता" असं वाक्य आहे आणि तिथे हा शब्द आहे, 'आकाशातून' या अर्थाच्या रूपात. मितानीचं राज्य त्यानंतर उभं राहिलं. पण समजा कोणी म्हणालं की त्याच्याही आधी कुणी आर्य घोडेवाला गेला असेल, तर नुसत्या तारखांवर मी भांडण जिंकू शकत नाही. म्हणून दुसरं कारण बघा, ते माझ्या मते खरं हुकमी आहे.

तो स्वर बघा, ने-मधला 'ए'. नभस्-मध्ये तिथे 'अ' आहे. ग्रीकमध्ये ढगाला 'नेफोस', तिथे ए. रशियनमध्ये आकाश 'न्येबो', जुन्या स्लाव्हिकमध्ये 'नेबो', तिथे ए. लॅटिन 'नेबुला', ए. जर्मन धुकं 'नेबेल', ए. सगळे ए म्हणतात आणि फक्त संस्कृत आणि तिची इराणी बहीण अ म्हणतात. याचा अर्थ मूळ ए होता आणि भारतीय-इराणी शाखेत तो अ झाला. कोणी म्हणेल, उलटं का नाही? मूळ अ होता आणि बाकीच्यांनी ए केला असं का नाही? याचं उत्तर संस्कृतातच लपलंय आणि ज्यांनी शाळेत रूपं पाठ केलीत त्यांना ते लगेच पटेल. 'कृ' धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप 'चकार'. धातूचं पहिलं अक्षर दुप्पट करायचं तर 'ककार' व्हायला हवं होतं, चकार कुठून आलं? पहिल्या क-चा च झाला आणि दुसरा क तसाच राहिला. दोघांच्या पुढे आज अ-आच आहे, मग एकालाच काय झालं? तर पहिल्याच्या पुढे एके काळी ए होता, आणि ए-इ पुढे क चा च होणं ही जगभर नेहमीची गोष्ट. दुसऱ्याच्या पुढे ओ होता, म्हणून तो वाचला. नंतर ए आणि ओ दोघेही अ मध्ये बुडाले, पण च मागे राहिला, चोर गेला आणि चप्पल राहिली तसा. 'गम्' चं 'जगाम' पण तसंच. म्हणजे संस्कृतात एकेकाळी हा ए होता आणि तो गेला, हे संस्कृतच सांगते.

आता हे किक्कुलीला लावा. त्याच्याकडे 'पंझ' आहे, पंच. ग्रीकमध्ये 'पेंते', ए. किक्कुलीच्या आर्य भाषेत तो ए केव्हाच अ झालेला होता. म्हणजे त्या लोकांकडून हित्तींनी आकाशाचा शब्द घेतला असता तर त्यांना 'नभस्' ऐकू आलं असतं आणि पाटीवर 'नपस' असलं काहीतरी उमटलं असतं. पाटीवर ए आहे. हरवलेला ए उसनवारीत परत मिळत नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तो वारशानेच आलेला असणार. आणि उलट दिशेने, म्हणजे हित्तीकडून आपल्याकडे? तेही बसत नाही, कारण ग्रीक, स्लाव्ह, जर्मन, लॅटिन या सगळ्यांकडे तोच शब्द आपापल्या नियमाने बदललेला आहे, हित्ती पाट्या मातीखाली गेल्या आणि हे सगळे काही अनातोलियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात) रांगेत उभे राहून शब्द घेऊन गेले नव्हते.

अजून एक गोष्ट मी वर्गात फळ्यावर लिहिते ती इथे टाइप करते. हित्तीत 'आकाश' नेपिस, 'आकाशाचं' नेपिसस, 'आकाशात' नेपिसि. संस्कृतात नभस्, नभसः, नभसि. शब्द उसना घेतला तर साधारणपणे एक रूप येतं आणि त्याला आपले प्रत्यय लागतात, आपण 'टेबल' घेतलं आणि 'टेबलावर' केलं, इंग्रजीचं 'ऑन' घेतलं नाही. इथे नपुंसकलिंग तेच, शेवटचा स् तोच, आणि प्रत्यय लागायची जागाही तीच. कुमार्बीच्या गाण्यात, जिथे स्वर्गात कोण कोणाला हटवून राजा झाला ती गोष्ट आहे, तिथे "पूर्वी अलालु नेपिसात राजा होता" असं येतं, आणि ते नेपिसि ऐकताना नभसि ऐकू न येणं मला तरी जमत नाही. पण परत सांगते, ऐकू येणं हा पुरावा नाही, तो ए हा पुरावा आहे.

हित्तीची एक बहीण होती, लुवियन, अनातोलियाच्या दक्षिण-पश्चिमेला बोलली जायची. तिच्यात आकाशाला 'तप्पस'. आता इथे नवशिक्याची दांडी उडते. न चा त कसा झाला, प दुहेरी का, आणि ए च्या जागी अ आहे म्हणजे हा संस्कृतातून आला की काय? नाही. लुवियनने स्वतंत्रपणे ए चा अ केला, तिच्या सगळ्याच शब्दांत दिसतो तो. प दुहेरी होण्यालाही लुवियनचा स्वतःचा नियम आहे, आघात असलेल्या ऱ्हस्व ए नंतरचं व्यंजन ती दुहेरी करते. राहिला न चा त, तर तो खरंच विचित्र आहे आणि त्यावर अभ्यासकांची एकवाक्यता नाही, पण गंमत म्हणजे लिथुआनियनमध्ये ढगाला 'देबेसिस' म्हणतात, तिथेही न च्या जागी द. हजारो किलोमीटर लांबच्या दोन भाषांना त्याच शब्दात तोच चाळा सुचला. मला विचाराल तर दोघींनीही स्वतंत्रपणे केला असणार, न आणि ब जवळजवळ आले की जिभेचं असं होतं.

इथपर्यंतचं एकदा थोडक्यात, कारण पुढे विषय बदलतोय: शब्द मितानीकडून गेला नाही, हित्तीकडून आला नाही, दोघांना एकाच जुन्या भाषेतून मिळाला, आणि याचा पुरावा ते किती सारखे आहेत हा नाही, तर त्यांच्यातला फरक किती नियमाने झालाय हा आहे.

आता अर्थाचं बघू, कारण तुम्ही 'आकाश' म्हणालात आणि मला वाटतं खरी मजा इथे आहे. मूळ अर्थ आकाश नव्हताच बहुतेक. ग्रीक नेफोस ढग, लॅटिन नेबुला धुकं, जर्मन नेबेल धुकं, आणि ऋग्वेदातसुद्धा नभस् म्हणजे ढग, धुकं, वाफ, ओलसर काहीतरी, निळं स्वच्छ आकाश हा अर्थ नंतर पुढे आला. वैदिक महिन्यांची नावं आठवा, मधु, माधव, शुक्र, शुचि, मग 'नभस्' आणि 'नभस्य'. हे दोन कुठले महिने? श्रावण आणि भाद्रपद. नभस् म्हणजे नुसतं आकाश असतं तर ते बारा महिने डोक्यावर असतंच, पावसाळ्याच्याच महिन्याला ते नाव कशाला दिलं असतं? ढग होता म्हणून दिलं. म्हणजे ढग → ढगाळ आकाश → आकाश असा प्रवास. इंग्रजीत 'स्काय' पण असाच, तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या ढगाच्या शब्दापासून आलाय.

आणि मराठीत तर आपण हा प्रवास रोज करतो. 'आभाळाकडे बघ' म्हटलं तर वर आकाश. 'आज आभाळ आलंय, कपडे आत घे' म्हटलं तर ढग. आकाश कसं येईल हो, ते कुठे गेलेलं असतं? आभाळ आलं 'अभ्र'पासून, अभ्र म्हणजे ढग, आणि बरेच अभ्यासक हे 'अभ्र' नभस्-च्याच धातूचं आखूड रूप मानतात, सुरुवातीच्या न चा नुसता अ झालेलं. लॅटिनमध्ये 'इम्बेर' म्हणजे पावसाची सर, तेही त्याच्याच बरोबरचं. म्हणजे बघा, 'नभ' हा शब्द आपण पुस्तकातून परत आणलेला, कवितेत आणि नभोवाणीत वापरायचा. घरात, ओट्यावर, शेतात अखंड तोंडातोंडी चालत आलेला वारस 'आभाळ'. माझ्या विद्यार्थ्यांना नेपिसचं खरं मराठी भावंडं दाखवायचं तर मी आता नभ दाखवत नाही, आभाळच दाखवते.

खरी उसनवारी कशी दिसते ते पण दाखवते, म्हणजे फरक कळेल, आणि उदाहरण त्याच भूमीचं घेऊ. आजच्या तुर्कीत हवामानाला 'हावा' म्हणतात. आपली 'हवा'. दोघांनी अरबीतून घेतलेला, आपल्याकडे फारसीमार्गे. सारखेपणा किती तर अगदी साच्यातून काढल्यासारखा, झीज नाही, नियमाने झालेला फरक नाही. साडेतीन-चार हजार वर्षं वेगळे वाढलेले शब्द इतके गुळगुळीत सारखे राहत नसतात, म्हणून मला अति सारखेपणाचाच उलट संशय येतो. आणि तुर्कीत वाऱ्याला काय म्हणतात माहितीये? 'रुझ्गार'. हो, आपला 'रोजगार'. फारसीत तो काळ, दिवस, जमाना अशा अर्थाने होता, आपल्याकडे येऊन पोटापाण्याचा झाला, तिकडे जाऊन वारा झाला. उसन्या शब्दाचा आवाज टिकतो आणि अर्थ भरकटतो असं पुष्कळदा होतं, मी याला नियम म्हणणार नाही पण हे जोडपं लक्षात ठेवायला सोपं आहे.

तुम्हाला अशा हवेच्या शब्दांची गोडी लागलीच असेल तर दोन अजून बघा. एक तो माझा 'इमांझा', म्हणजे खरा 'ख़ुवांत-', वारा. संस्कृत 'वात', लॅटिन 'वेंतुस', इंग्रजी 'विंड', सगळे एकाच घरचे. पण सुरुवातीचा तो घशातला ख़ बाकी कोणाकडे नाही. सोस्यूरने 1878 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नुसत्या संस्कृत-ग्रीकच्या स्वरांचं गणित मांडून म्हटलं होतं की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे पुढे सगळीकडे पुसले गेले. पुरावा काहीच नव्हता. तो 1913 मध्ये गेला, दोन वर्षांनी ह्रोझनीने हित्ती फोडली, आणि 1927 मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवलं की सोस्यूरने सांगितलेल्या जागी हित्तीत हा ख़ बसलेला आहे. वाऱ्याच्या शब्दात तर असे दोन ध्वनी हरवलेत. सुरुवातीचा हित्तीने जपला. मधला हित्तीतही गेला, पण त्याची रिकामी जागा ऋग्वेदात ऐकू येते, काही ऋचांमध्ये 'वात' हा दोन अक्षरी शब्द वृत्तात बसवायला तीन अक्षरी म्हणावा लागतो, 'व-अ-त'. म्हणजे एका शब्दाचं हाड अनातोलियातल्या मातीत आणि दुसरं आपल्या पाठांतरात.

दुसरा शब्द हिवाळ्याचा, 'गिम्मंत-'. म्हणून बघा मोठ्याने. 'हेमंत'. संस्कृतचा ह इथे जुन्या घ-सारख्या ध्वनीतून आलाय, 'हिम' त्याच घरातलं, लॅटिन 'हिएम्स' आणि रशियन 'झिमा' पण. मध्य अनातोलियाच्या पठारावर हिवाळा काय असतो हे तिथे गेलेल्यांना विचारा, हत्तुशा समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर आहे, बर्फ पडतो चांगला. शेती पावसावर. त्यांचा सगळ्यात मोठा देव वादळाचा का होता हे वेगळं सांगायला नको.

आणि त्याच देवाच्या नावावर लोक आपटतात. वादळदेव 'तरख़ुन्न', लुवियनमध्ये 'तरख़ुंत'. कोणीतरी हमखास म्हणतं, हा तर थॉर! मीही म्हटलं होतं, लाल पेनाची रेघ अजून वहीत आहे. थॉर हा गडगडाटाचा, इंग्रजी 'थंडर', संस्कृत 'स्तनयित्नु' यांच्या कुळातला, त्याच्या नावात मुळात र च्या आधी न होता, तो पुढे गळला. तरख़ुन्न हा 'तरख़-' धातूपासून, जिंकणं, वरचढ होणं, आपला 'तॄ' तरति, तरून जाणं, पार होणं, तो. म्हणजे 'विजेता'. दोघे देव वीज पाडतात म्हणून नावं एक होत नाहीत. (हा देव हित्ती साम्राज्य इ.स.पू. 1200 च्या आसपास कोसळल्यावरही टिकला, इव्रीझच्या कातळावर इ.स.पू. 8व्या शतकात राजा वर्पलवसच्या समोर तो द्राक्षांचे घोस आणि धान्य घेऊन उभा आहे. फोटो शोधा, बघण्यासारखा आहे.) तसंच ढगाला हित्तीत 'अल्प-'. लॅटिन 'आल्बुस' म्हणजे पांढरा, मग ढग म्हणजे पांढरा, झालं, असं जुन्या पुस्तकांत मिळेल. पण हित्ती मजकुरात हे ढग पाऊस आणि गडगडाट घेऊन येणारे असतात, पांढरे कापसाचे नाही, त्यामुळे बरेच लोक आता या जोडीकडे संशयाने बघतात. ध्वनी बसतो, अर्थ कुरकुरतो. मी वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. आणि शब्द चपखल बसला नाही तर प्रश्नचिन्ह ठेवायला लाजायचं नाही, आमच्याकडे त्याला नापास करत नाहीत.

आता तुमचा 'कम्मार', धुकं. याचं संस्कृतात सर्वमान्य असं काही भावंडं नाही. कानाला मात्र मोह होईल. पालीत 'कम्मार' म्हणजे लोहार, संस्कृत 'कर्मार'. अगदी अक्षराला अक्षर तोच. आणि मला खात्री आहे की कोणीतरी लगेच लोहाराच्या भट्टीचा धूर आणून धुक्याला जोडेल, मस्त गोष्ट तयार होईल. पण पालीतला मधला 'म्म' र्म-चा झालाय, तो पालीचा स्वतःचा नियम, 'कर्म' चं 'कम्म'. संस्कृतातला र धरला की हित्तीत र कुठे गेला याचं उत्तर द्यावं लागतं, आणि हित्तीत र असा सहज जात नाही. योगायोग, तिसरी शक्यता, सुरुवातीला म्हटलेली.

तरीही हा शब्द मला या सगळ्यांत जास्त आवडतो, त्याला नातेवाईक नसले तरी. तो जिथे येतो ती जागा म्हणजे तेलिपिनूची गोष्ट. वादळदेवाचा मुलगा तेलिपिनू रुसून निघून जातो. आणि लगेच पुढचं वाक्य, कम्माराने खिडक्या पकडल्या, धुराने घर पकडलं. चुलीत ओंडके घुसमटले, गोठ्यात गुरं घुसमटली, मेंढीने कोकराला लाथाडलं, गाईने वासराला. जव-गहू उगवेना. गरुड पाठवला, त्याला सापडला नाही, शेवटी एक मधमाशी जाते आणि त्याला डसून उठवते. तो आणखी भडकतो, मग त्याची समजूत काढायचा मोठा विधी आहे. आणि राग उतरल्यावर तेच शब्द परत येतात, फक्त क्रियापद बदलून. कम्माराने खिडक्या सोडल्या, धुराने घर सोडलं.